पाचवी पहाट: १/१२५ सेकंदावर पिल्लू टिपलं!

मिळाली फ्रेम! सूर्य नुकताच उगवत होता. कंठेरी चिखल्या या पाणकाठच्या छोट्या पक्ष्याचं कुटुंब: आईच्या पोटाखालून एक पिल्लू बाहेर येऊन उभं, दुसऱ्याचे फक्त काडीसारखे पाय दिसताहेत आणि तिसऱ्याची चोच पंखाच्या कडेतून डोकावतेय. आईचा डोळा, त्याभोवतीचं पिवळं कडं आणि पुढच्या पिल्लाचा डोळा, सगळं शार्प. आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता, फक्त १६००. हो, १६००!

मागच्या नोंदीत बाराशे फ्रेम उडवल्याचं लिहिलं होतं. त्या सगळ्या १/१००० सेकंद शटर स्पीडच्या आणि आयएसओ १२८०० च्या होत्या. कंठेरी चिखल्याची पिल्लं इतकी चपळ, की शटर स्पीड खाली आणायची हिंमतच होत नव्हती. घरी येऊन बघावं तर पिल्लाच्या अंगावर लव कुठली आणि नॉइज (जास्त आयएसओमुळे येणारे खरखरीत दाणे) कुठला, हेच कळेना. डिनॉइझ सॉफ्टवेअरवर माझा आता भरवसा उरलेला नाही. लव मेणासारखी गुळगुळीत होते आणि पाठीवरचे ते बारीक ठिपके पुसले जातात. त्या ठिपक्यांच्या जोरावरच तर पिल्लू वाळूत दिसेनासं होतं. तेच गेले तर फोटोत राहिलं काय?

म्हणून चौथ्या पहाटे कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. लांब बसून दुर्बिणीतून नुसतं बघत राहिले. चिखल्यांची चाल आपल्याला माहीतच आहे: धाव, थांब, टिप, पुन्हा धाव. पिल्लंही पहिल्या दिवसापासून अशीच चालतात, कारण आईबाप भरवत नाहीत, भक्ष्य त्यांचं त्यांनाच शोधावं लागतं. पण इतक्या लहान पिल्लांना अंगातली ऊब धरून ठेवता येत नाही. पहाटेच्या गारव्यात थोडा वेळ चरून ती परत आईखाली शिरतात. त्यांना बाहेर सोडण्याआधी ही आई अर्धवट उठते आणि पोटाची पिसं सैल करते. मग पहिलं पिल्लू बाहेर येतं आणि क्षणभर तिथेच थबकतं. दर खेपेला! मला हवा होता तो फोटो त्या थबकण्यात होता, आणि मी पाच सेकंदांनी पुढे, धावण्याच्या मागे लागले होते. थबकलेल्या पिल्लाला १/१००० लागत नाही. १/१२५ वर आठपट प्रकाश मिळतो, म्हणजे १२८०० चं थेट १६०० होतं. आई उठायला लागली की बर्स्ट, म्हणजे सलग फ्रेम घेणं, सुरू करायचा. सात-आठ फ्रेममधल्या एक-दोन टिकतात, तेवढ्या पुरतात.

एवढ्यावर प्रश्न सुटला असं वाटलं होतं, पण खरा छळ पुढेच होता. डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत शार्प येणाऱ्या पट्ट्याची खोली! फुल फ्रेम सेन्सर, ५०० एमएमची लेन्स, तिचं छिद्र एफ ५.६ आणि अंतर ८ मीटर धरलं, तर शार्प पट्टा जेमतेम साडेआठ सेंटिमीटरचा मिळतो. फोकस आईच्या डोळ्यावर ठेवला की त्याच्या अलीकडे फक्त चार सेंटिमीटर उरतात. पिल्लू तर तिच्या कुशीतून माझ्याच दिशेला निघतं. आई शार्प, पिल्लू धूसर. पिल्लावर धरावं तर आई धूसर. डोळा ओळखून फोकस धरणाऱ्या आय डिटेक्शनचा उपयोग नाही, ते आईच्या डोळ्याला चिकटून बसतं. छिद्र बारीक करून एफ ८ केलं तर एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश, हातचा जातो.

उपाय निघाला तो मागे सरकण्यात. १२ मीटरवर तोच पट्टा १९ सेंटिमीटरचा होतो, अंतर दीडपट तर पट्टा सव्वादोनपट. फ्रेमची रुंदी सुमारे ८६ सेंटिमीटर होते. पक्षी लहान दिसतो, पण आई, पिल्लं आणि ओल्या वाळूची चमक असं सगळं मावतं, आणि मला तर हीच चौकट जास्त आवडली. शिवाय आई निवांत असते. दुसऱ्या पहाटे ८ मीटरवर असताना तिने पंख मोडल्याचं नाटक करून मला लांब न्यायचा प्रयत्न केला होता. मी लगेच मागे झाले होते, पण तेवढा वेळ पिल्लं उबेविना राहिली, हे अजून मनाला लागून आहे. आता १२ च्या आत जायचंच नाही. फ्लॅश नाही आणि पक्ष्याचा आवाज वाजवून बोलावणंही नाही, हे आधीपासूनच ठरलेलं.

उपकरणांबद्दल थोडं. प्रतिमा मोठी करणारा १.४ चा टेलिकन्व्हर्टर कपाटात गेला, या उजेडात एक स्टॉप गमावणं परवडत नाही. लेन्स टेकवायला थर्मोकोलच्या गोळ्या भरलेली बीनबॅग घेऊ नका, कोपर हलला की करकरते. माझी जमिनीलगतची पॅन म्हणजे तव्यावर बसवलेलं ट्रायपॉडचं हेड, ती वाळूवर मस्त सरकते. लपायला ऑनलाइन मागवलेल्या जाळीची पानं इतकी चकचकीत निघाली, की ती उलटी करून वापरतेय. आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर मात्र सोडणार नाही. माझ्या कॅमेऱ्यात बर्स्टला तो १४ बिटवरून १२ बिटवर उतरतो (म्हणजे छटा कमी नोंदवतो) आणि सावल्या थोड्या खरखरीत होतात, पण आई मान वर करत नाही.

पुढचा बेत भाड्याने ३०० एमएम एफ २.८ ही जास्त प्रकाश घेणारी लेन्स आणायचा होता. पण हे लिहिता लिहिता सुचतंय, की मी रोज पूर्वेला पाठ करूनच का बसते? पूर्वेकडे तोंड केलं, तर उजळलेलं आकाश ओल्या वाळूत उतरेल आणि त्यावर आईचा काळा आकार दिसेल, खाली आठ पाय. आयएसओ ४०० सुद्धा पुरेल. फोकस आधीच हाताने लावून ठेवायचा. लेन्सचा बेत रद्द!

अडचण एकच. त्या बाजूला जायला अंधारात पिल्लांच्या चरायच्या पट्ट्यातून जावं लागतं आणि आईने इशारा दिला की पिल्लं जमिनीला चिकटून निश्चल होतात. पायाखाली आली तरी दिसणार नाहीत. तिथून जाणं नाहीच. त्यापेक्षा आज मावळतीला लांबून दुर्बिणीने बघते, कुटुंब कुठे मुक्काम करतंय ते. आई पाण्याच्या कडेला बसली, तर माझी आताची जागाच थोडी वळवून पूर्व समोर येते. वरच्या खडकाळ भागात बसली, तर जुनीच बैठक, १२ मीटर आणि १/१२५.