आमची वाटचाल : कर्ज आमचं, माल व्यापाऱ्याचा, किल्ली तिसऱ्याच्या हातात

अमळनेरात वडिलांनी पेढी घातली ती भुसाराच्या अडतीवर. कापूस १९७२ पासून एकाधिकार खरेदीत गेलेला, त्यामुळे खाजगी अडतीला हरभरा, तूर, दादर ज्वारी एवढंच उरलं होतं. तारणावर पैसे देणं नंतर आलं, तेही गिऱ्हाइकांच्याच आग्रहाने. फेब्रुवारी-मार्चला हरभरा निघाला की भाव पडतो. चार महिने थांबला तर व्यापाऱ्याला चार पैसे सुटतात, पण बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंतची उचल, तोवर तळाला गेलेली असते. आम्ही सहकार खात्याचा सावकारी परवाना काढला आणि गोदामातल्या मालावर बाजारभावाच्या सत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम द्यायला लागलो. बरीच वर्षं हा धंदा निवांत चालला.

मग चोपड्याकडच्या एका गोदामातली कट्ट्यांची थप्पी पोकळ निघाली. आमच्याकडे तारण होते हरभऱ्याचे पाचशे कट्टे, म्हणजे अडीचशे क्विंटल. पाच हजार भाव धरून पावणेनऊ लाख दिलेले. गोदाम तिसऱ्याच माणसाचं. पावती आमच्या नावाची, आणि आमच्या चिठ्ठीशिवाय एक कट्टाही हलवायचा नाही असा लेखी करार. बाहेरून थप्पी भिंतीसारखी सरळ, सुतळीची शिवण जागच्या जागी, कट्ट्यांवर व्यापाऱ्याचा मार्का. आमच्या हमालाने वरचे दोन थर उतरवले आणि आत डोकावून म्हणाला, "शेठ, मझार काहीच नही." चारी बाजूंनी कट्ट्यांची एकेरी भिंत आणि मध्ये विहीर. मोजले तर एकशे चाळीस भरले. कुलूप शाबूत. विमा आग, पूर आणि घरफोडीचा, त्यामुळे कंपनीने हात वर केले.

गोदामवाल्याने हिशेब मांडला तो ऐकायला गोड होता. भाव तोवर सहा हजारांवर गेलेला. उरलेला सत्तर क्विंटल विकला की चार लाख वीस हजार येतात. "तुमचे बुडाले ते साडेचार लाख आणि वर व्याज. घ्या आणि मिटवा." आमच्या धंद्यातले बरेच जण इथेच हो म्हणतात. आपलं कर्ज वसूल झालं, बाकीचं व्यापारी बघून घेईल!

जळगावच्या आमच्या वकिलांनी मात्र आधी कराराचा कायदा उघडला. १८७२ चा भारतीय करार कायदा, कलम १८०. ठेवलेल्या मालाचं तिसऱ्याने नुकसान केलं तर माल ज्याच्या ताब्यात सोपवलेला, त्याला मालकासारखीच दाद मागता येते. याच मुद्द्यावर १९६५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, मोरवी मर्कंटाइल बँकेचा. ठाण्याहून ओखल्याला रेल्वेने पाठवलेल्या मेंथॉलच्या पेट्या, रेल्वे पावत्या बँकेकडे तारण, बँकेने दिलेले वीस हजार. माल गेला. हायकोर्टाने वीस हजारच मंजूर केले. सुप्रीम कोर्टाने मालाची पूर्ण किंमत, साडेपस्तीस हजार, देववली. न्यायमूर्तींत मतभेद होते, पण बहुमत बँकेच्या बाजूने.

म्हणजे आमचा दावा साडेचार लाखांचा नव्हताच. गायब एकशे ऐंशी क्विंटलचा होता, बाजार समितीच्या भावाने दहा लाख ऐंशी हजारांचा.

वरची रक्कम आपल्या खिशात जात नाही, हे लोक विसरतात. कलम १८१ सांगतं, आलेला पैसा ज्याच्या त्याच्या हक्काप्रमाणे वाटायचा. कर्ज-व्याज आमचं, बाकी व्यापाऱ्याचं. आणि साडेचार लाखांवर मिटवलं असतं तर उद्या व्यापाऱ्याने आम्हालाच विचारलं असतं, माझा माल कुठाय? तारण परत करता येत नसेल तर कर्जही पूर्ण मागता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९६६ मध्येच सांगून ठेवलंय.

गोदामवाला म्हणाला, मी काळजी घेतली होती. घेतली असेल तर कायदा त्याला सोडतो, पण ती दाखवायची त्याने. गेटचं रजिस्टर मागितलं तर त्यात महिनोन्महिने एकच शाई, एकच हात. नोटिशीनंतर तो हप्त्यांवर आला. व्यापाऱ्याला त्याचे पैसे मिळाले आणि तो आजही आमच्याकडेच येतो.

हे सगळं टिकलं ते पावती आणि ताबा आमच्या नावाने होता म्हणून. व्यापाऱ्याच्याच गोदामात, त्याच्याच किल्लीखाली नजरगहाण ठेवलेल्या मालावर असा दावा लावणं फार अवघड. म्हणून नजरगहाण आम्ही बंदच केलं. नोंदणीकृत वखारीची इलेक्ट्रॉनिक पावती असेल तर सत्तर टक्के देतो, कारण तारणाची नोंद तिथेच पडते आणि आमच्या संमतीशिवाय माल सुटत नाही. इतर गोदामात दोन कुलपं, एक आमचं. तिथे साठ टक्के, आणि न सांगता जाऊन थप्पी मधून उघडायची मुभा करारात लिहून घेतो. काही व्यापाऱ्यांना ही अट अपमानाची वाटते. ते दुसरीकडे जातात, जाऊ देतो.