सरांचं ‘टेक’

सुवर्णमहोत्सवाच्या पत्रिकेसोबत मुख्याध्यापकांचा निरोप होता, शाळेवर चार ओळी लिहा. मी सरांवरच लिहिणार. कोणते सर, हे आपल्या शाळेत विचारायचं काम नाही.

आठवीत, कापूस वेचणीच्या दिवसांत, अर्धा वर्ग वावरात. नवा धडा काढण्यात अर्थ नव्हता, म्हणून सरांनी फळ्यावर एकच इंग्रजी क्रियापद लिहिलं: टेक. ‘घेणे’ आणि ‘नेणे’ सांगून आमची गाडी अडली. मग सरच सुटले. औषध टेक, फोटो टेक, बस टेक, परीक्षा टेक. ‘टेक ऑफ’ म्हणजे बूट काढणं आणि विमान उडणंही, म्हटल्यावर मागून आवाज आला, “सर, आपल्या गावात दोनी नाही!” सरांना हसून हसून चष्मा पुसावा लागला.

हा शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच, हेही तेव्हाच कळलं. व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतल्या ‘ताका’नं जुन्या इंग्रजीतलं ‘निमन’ पार हुसकून लावलं. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘नेमेन’ अजून नांदतो. इंग्रजीत मात्र निमनची खूण उरली ती ‘नम’ या शब्दात, म्हणजे बधिर, जाणीवच काढून घेतलेला.

समानार्थी शब्दांत तर सर रंगलेच. ‘ग्रॅब’ सांगताना पहिल्या बाकावरच्या पोराची टोपी हिसकली. ‘सीझ’ म्हणजे पोलीस माल जप्त करतात ते. मग म्हणाले, “हातात पडलं ते रिसीव्ह, कबूल केलं ते अ‍ॅक्सेप्ट. दोनी एकच समजशीन त फसशीन.”

आज मी यवतमाळला वकिली करतो, बहुतेक भूसंपादनाची प्रकरणं. १८९४च्या कायद्यात निषेध न नोंदवता मोबदला उचलला, की कलम १८खाली वाढीव रकमेचा अर्जच करता येत नसे. धरणात वावर गेलेल्या माणसांना मी बजावायचो, सही करताना ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहा. रिसीव्ह करा, अ‍ॅक्सेप्ट नका करू. कायद्याच्या पुस्तकाआधी हे मला सरांनी शिकवलं होतं.

आता पहिलीपासून इंग्रजी आहे. पुतण्याच्या गाईडमध्ये मात्र टेकसमोर ‘घेणे’, आणि खाली ग्रॅब, सीझ, रिसीव्ह, अ‍ॅक्सेप्ट एकाच ओळीत, जणू सगळे सारखेच. सरांचा खाकी कव्हरचा जाडजूड शब्दकोश ग्रंथालयाच्या कपाटात आहे म्हणतात, पण कपाटाला कुलूप असतं. समितीनं महोत्सवाआधी ते उघडावं. नवीन कुलपाचा आणि किल्ल्यांचा खर्च माझ्याकडे.