तुलूझमध्ये घर मिळेस्तोवर (माझा अनुभव)

फ्रेंच क्लासमध्ये मला ‘बोंजूर’ आणि ‘मेर्सी’ शिकवलं होतं. ‘पेरियोद देसे’ मला फ्रान्समधल्या तुलूझ शहरातल्या एका घरभाड्याच्या एजन्सीने शिकवलं, आणि इतक्या वेळा शिकवलं की अजूनही कुणी हे शब्द उच्चारले की डोक्यात तिडीक जाते.

अर्थ साधा आहे: प्रोबेशन. नोकरी कायमची, करार हातात, पगार ठरलेला. फक्त पहिले काही महिने (माझ्या करारात चार) कंपनीला आणि आपल्याला एकमेकांना सोडून देणं सोपं असतं. पण त्या चार महिन्यांत घर शोधायला निघालं की आपली नोकरी म्हणजे नोकरीच नाही, असं सगळे धरून चालतात.

मी मूळची नाशिकची. विमानाच्या भागांवर ताण किती येतो हे मोजायचं काम करते, आणि या धंद्यातल्या माणसाला तुलूझ नवीन नाही. काँकॉर्ड या आवाजाहून वेगवान प्रवासी विमानाचं पहिलं उड्डाण इथूनच झालं, २ मार्च १९६९ला. एअरबसची विमानं इथे जुळवतात. त्यामुळे नोकरी लागली तेव्हा ‘कुठेय हे गाव?’ असं घरात कुणी विचारलं नाही. व्हिसा, तिकीट, विमानतळ, सगळं सरळ पार पडलं. आल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो, तो कर भरून एका दुपारी करून टाकला. सांगण्यासारखं त्यात काही नाही.

चूक झाली ती ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात येण्याची. या शहरात एक लाखाहून जास्त विद्यार्थी आहेत आणि सप्टेंबरच्या तोंडाशी ते सगळे खोली शोधत असतात. तारीख तुमच्या हातात असेल तर डिसेंबरात या, जानेवारीत या, पण तेव्हा येऊ नका.

दुसरी चूक, खरं तर हट्ट: मला जुन्या शहरातच राहायचं होतं. ऑफिसातले सगळे सांगत होते की पश्चिमेला कोलोमिए, ब्लान्याक बघ, तिथे घरं मिळतात. पण पहिल्या शनिवारी मी हिंडायला बाहेर पडले आणि बिघडले. या भागात दगड कमी, गारोन नदीकाठची माती मात्र मुबलक, म्हणून शेकडो वर्षं इथे सगळं विटांचं. घरं विटांची, मनोरे विटांचे, सँ-सेर्नँची हजारेक वर्षांपूर्वीची बॅसिलिकाही बरीचशी विटांची. सकाळी विटा फिक्या गुलाबी दिसतात, दुपारी केशरी, आणि संध्याकाळी कापितोलच्या चौकात बसलं की समोरची नगरपालिकेची इमारत चक्क लाजल्यासारखी दिसते. जाकोबँच्या मठात एकाच खांबातून छताकडे २२ फासळ्या माडाच्या झावळ्यांसारख्या फुटतात. खाली आरसा ठेवलाय, म्हणजे मान मोडत नाही.

दासेझाचा वाडाही बघा. १५५५ला बांधायला घेतलेला हा वाडा एका रंगाच्या व्यापाऱ्याचा. पास्तेल नावाच्या झुडपाच्या पानांपासून इथे निळा रंग करत आणि त्यावर इथले व्यापारी गब्बर झाले. मग एकीकडे कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धं पेटली आणि दुसरीकडे परदेशातली नीळ आली, त्यात आपल्या हिंदुस्थानातलीही. धंदा बसला. हे वाचल्यावर मला उगाचच थोडं अपराधी वाटलं. पुढे एजन्सीचा अनुभव आल्यावर वाटेनासं झालं.

पण मला अडकवलं ते पाँ न्यफने. ‘नवा पूल’ असा अर्थ. काम सुरू झालं १५४४ला, संपलं १६३२ला, आणि आज गावातला सगळ्यात जुना पूल हाच. (पुणेकरांना यात काही नवल वाटू नये.) पुलाच्या खांबांच्या माथ्यावर मोठाली भोकं ठेवली आहेत. पूर आला की पाण्याने त्यातून निघून जावं, पुलाला टक्कर कमी बसावी म्हणून. जून १८७५च्या महापुरात दुसरे पूल वाहून गेले, पलीकडच्या सँ-सिप्रियाँ भागात दोनशेवर माणसं दगावली, हा पूल उभा राहिला. मी काठावर बसून अर्धा तास ती भोकंच बघत होते. तिथेच ठरलं, घर घ्यायचं तर इथून चालत येता येईल असं.

आता ‘दोसिए’. म्हणजे फाइल. इथे घर बघायच्या आधी फाइल बघतात. ओळखपत्र, नोकरीचा करार, शेवटच्या तीन पगारपत्रकांच्या प्रती, कर भरल्याचा कागद, आधीच्या घराच्या भाडेपावत्या. शिवाय पगार भाड्याच्या तिप्पट हवा. परवाच विमानातून उतरलेल्या माणसाकडे यातलं काय असणार? मी नाशिकच्या कंपनीच्या स्लिपा जोडल्या. त्यांना रुपये कळेनात. मग शेजारी युरो लिहिले, तर कागदात खाडाखोड आहे म्हणाले.

तीन आठवड्यांत अकरा ठिकाणी फाइल पाठवली, चार घरं बघायला मिळाली. चौथं मला फार आवडलं. जिन्याला लोखंडी कठडा, खिडकीतून समोरच्या विटांच्या भिंतीवर पडलेलं ऊन. एजन्सीतल्या बाईंनी माझा करार उघडला, पेन्सिल घेतली, एका ओळीखाली हलकीशी रेघ मारली आणि कागद माझ्याकडे फिरवला.

“मादाम, पगार छान आहे. पण पेरियोद देसे.”

मी म्हटलं, सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी टेबलाखालून पाकीट सरकवलं होतं. मी म्हटलं, जामीनदार आणते. म्हणाल्या, चालणार नाही. का चालणार नाही? “चालत नाही.” बाहेर पाऊस होता, छत्री हॉटेलवर होती. त्या दिवशी मी मेट्रोत बसून सरळ रडले. तुलूझच्या मेट्रोला ड्रायव्हर नसतो आणि स्टेशनांची नावं फ्रेंचनंतर ऑक्सितान या इथल्या जुन्या भाषेत पुन्हा सांगतात. डोळे पुसता पुसता मी सगळी नावं दोन-दोनदा ऐकली.

‘चालत नाही’मागचं खरं कारण मला तीन आठवडे कुणी सांगितलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. बरेच घरमालक भाडं बुडण्याचा विमा काढतात. मग भाडेकरू कोण चालेल हे विमा कंपनी ठरवते, आणि प्रोबेशनवरचा माणूस तिला बहुधा नको असतो. वर कायदा असा की विमा असेल तर मालकाला जामीनदार मागता येत नाही. विद्यार्थी आणि शिकाऊ कामगार तेवढे अपवाद. म्हणजे तुम्ही जामीन म्हणून कुणालाही आणून उभं करा, उपयोग शून्य. तेव्हा घर बघायला जायच्याही आधी, फोनवरच एक प्रश्न विचारा: मालकाचा भाड्याचा विमा आहे का? ‘हो’ म्हणाले आणि तुम्ही प्रोबेशनवर असलात, तर ‘मेर्सी’ म्हणून फोन ठेवा. मी हा प्रश्न सातव्या नकारानंतरच विचारला असता तरी दोन आठवडे वाचले असते.

हॉटेलची मुदत संपली तेव्हा कोलोमिएतले साताऱ्याचे दादा-वहिनी धावून आले. वहिनी म्हणाल्या, “अगं, बॅगा आण आधी, बाकीचं नंतर बघू.” त्यांनी नुसतं ठेवून घेतलं नाही, तर ‘ही आमच्याकडे राहते’ असं सही करून दिलं, सोबत ओळखपत्राची प्रत आणि विजेचं बिल. हा कागद सोन्यासारखा. बँकेला पत्ता हवा होता, पत्त्यासाठी घर हवं होतं, घरासाठी बँकेचा खातेक्रमांक हवा होता. त्या एका कागदाने ते रहाटगाडगं थांबलं. (कुणीच नसेल आणि बँकेने खातं नाकारलं तर नकार लेखी घ्या आणि बाँक द फ्राँसकडे जा; ती एक बँक नेमून देते आणि तिला खातं उघडावंच लागतं.)

जामिनाचा मार्गही वहिनींनीच सांगितला: ‘विझाल’. भाडं थकलं तर ही योजना मालकाला भरते आणि मग आपल्याकडून वसूल करते. फुकट आहे. तिशीपर्यंतच्यांना सहज मिळते; मी एकोणतीसची, थोडक्यात बसले. तिशी ओलांडलेल्या नव्या नोकरदारांसाठी अटी वेगळ्या आहेत, साइटवर आधी चाचणी घेता येते. करारावर सही करायच्या आधी विझालचं प्रमाणपत्र हातात हवं, नंतर काढून चालत नाही.

मी अर्ज केला आणि अर्ज परत आला. कारण: माझे वडील. आपल्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात आपलं नाव आणि वडिलांचं नाव एकामागोमाग असतं. फ्रेंच माणसाच्या लेखी ती दोन्ही माझीच नावं, तिथवर ठीक. पण ऑफिसच्या करारात कुणीतरी वडिलांचं नाव आडनावाच्या जागी टाइप केलं होतं. व्हिसावर एक बाई, करारावर दुसरी. दुरुस्त करार यायला नऊ दिवस लागले, कारण सही करणारे साहेब सुट्टीवर. नोकरीचा करार ईमेलने आला की पगाराच्या आकड्याआधी स्वतःचं नाव वाचा, पासपोर्ट शेजारी ठेवून, अक्षर अन् अक्षर.

प्रमाणपत्र मिळाल्यावर एजन्सीचा नाद सोडला आणि थेट मालकांच्या जाहिराती बघू लागले. त्यात फसवेही असतात. घर न दाखवता पैसे मागितले की समजून जा. आठव्या दिवशी सँ-सिप्रियाँमधल्या एका निवृत्त शिक्षिकेचं घर बघायला गेले. दुसरा मजला, लिफ्ट नाही, ३८ चौरस मीटर, छताला लाकडी तुळया. विमा? “छे, मी माणसं बघते,” मादाम म्हणाल्या. मग त्यांनी मला खाली नेऊन १८७५ला पाणी कुठवर आलं होतं ते हात उंचावून दाखवलं, अशा थाटात की जणू तेव्हा त्या गल्लीत उभ्या होत्या.

मी म्हटलं, आमच्या नाशिकलाही नदी आहे. पात्रात मारुती उभा आहे, दोन तोंडांचा. पाणी गुडघ्याला लागलं की लोक बघायला येतात, कमरेला लागलं की दुकानदार माल हलवतात, गळ्याशी आलं की सगळे पळतात. माझ्या तुटक्या फ्रेंचमध्ये मारुतीचा ‘माकडदेव’ झाला. मादामनी दोनदा विचारून घेतलं, दोन तोंडं का? ते मलाही सांगता येईना. पण फाइल त्यांनी त्यानंतर उघडली.

किल्ल्या घ्यायच्या दिवशी ‘एता दे लिए’ असतं, घराची तपासणी. लाजू नका. मादाम आणि मी दोन तास भिंतीतली खिळ्यांची भोकं मोजत होतो, सतरा निघाली, सगळी लिहिली. नळ सोडून बघा, शेगडीचा प्रत्येक बर्नर पेटवा, फोटो काढा. जाताना डिपॉझिट यावरूनच कापतात. रिकाम्या घराला डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, फर्निचरवाल्याला दोन. घराचा विमा त्याच दिवशी दाखवावा लागतो. आणि हो, जुन्या विटांच्या घराला भुलण्याआधी त्याचा ऊर्जेचा शेरा बघा. ‘जी’ (G) म्हणजे सगळ्यात खालचा वर्ग असेल तर १ जानेवारी २०२५पासून ते नव्याने भाड्याने देताच येत नाही. माझं ‘ई’ (E) आहे, हिवाळ्यात पायमोजे दोन.

सगळ्यात महत्त्वाचं विसरत होते: पत्रपेटीवर नाव लावा, त्याच दिवशी. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. मी आडनाव लावलं. आठवड्याने विजेचं पहिलं पत्र आलं, लिफाफ्यावर मस्यू (म्हणजे श्रीयुत) आणि पुढे माझ्या वडिलांचं नाव. फोटो काढून बाबांना पाठवला. त्यांचा लगेच फोन.

“म्हणजे आता बिल मी भरायचं का?”

पेटीवर त्यांचंही नाव लावलंय आता. पत्रं दोघांनाही येतात.