बॅरोमीटर आणि श्रीवर्धनची वाडी

१७ सप्टेंबर २०२०. मी जहाजावरचा सेकंड मेट (दुय्यम अधिकारी), रात्री बारा ते चारचा वॉच, म्हणजे पहारा, माझा. बॅलास्टवर, म्हणजे मालाविना, चाललेलं बल्क कॅरियर (सुट्या मालाचं जहाज), इटलीतल्या तारांतोहून सुएझकडे, भूमध्य समुद्राच्या आयोनियन भागात. कोविडमुळे क्रू-चेंज, म्हणजे खलाशांची बदली, ठप्प. घर सोडून अकरावा महिना.

वाऱ्याआधी दक्षिणेकडून लाट आली, लांब आणि संथ. तिथली लाट एरवी आखूड, उभी असते. ही पायांनाच वेगळी कळली. मग बॅरोमीटर. उष्ण कटिबंधात नेहमीच्या दाबापेक्षा ३ मिलिबार उतरला की संशय घ्यायचा, ५ उतरला की वादळ जवळ आहे असंच धरायचं, हे आमच्याकडून घोकून घेतलेलं. दोन तासांत ५ उतरला होता. वारा पूर्वेकडून ईशान्येला सरकत होता, घड्याळाच्या उलट. म्हणजे आम्ही वादळाच्या डाव्या अंगाला. अशा वेळी वारा स्टारबोर्ड क्वार्टरवर, म्हणजे मागच्या उजव्या बाजूवर, घेऊन वाटेतून निघायचं. पश्चिमेकडे.

नॅव्हटेक्सवर (जहाजांना इशारे देणारी रेडिओ सेवा) आलेल्या संदेशात मात्र फक्त 'गेल वॉर्निंग', जोरदार वाऱ्याचा इशारा. बंगालचा उपसागर, अरबी समुद्र इथल्या चक्रीवादळांचं काम दिल्लीच्या हवामान खात्याकडे असतं. भूमध्य समुद्रासाठी असं नेमलेलं एकही केंद्र नाही. हे मला अजून पटत नाही.

कॅप्टनना उठवलं. "सेकंड, हा मेडिटरेनियन आहे, बे ऑफ बेंगॉल नाही." एरवी मी गप्प झालो असतो. त्या रात्री दर पंधरा मिनिटांच्या नोंदी त्यांच्यासमोर ठेवून उभाच राहिलो. पावणेतीनला त्यांनी कोर्स बदलला.

१८ला ते वादळ, आयानोस, ग्रीसच्या केफालोनिया, इथाका, झाकिंथोस बेटांवर आदळलं. पुढे थेसालीत कार्दित्सा शहर पाण्याखाली गेलं, मुझाकीत आरोग्य केंद्राची इमारत नदीत कोसळली. चार माणसं गेली.

तीनच महिन्यांपूर्वी, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळानं आमची श्रीवर्धनची सुपारीची वाडी आडवी केली होती. तेव्हाही मी जहाजावरच. आकडे खरे होते, पण एवढा हट्ट मी आकड्यांसाठी धरला की वाडीसाठी, हे मला अजून सांगता येत नाही.

रेंज मिळाल्यावर बाबांना हे सांगितलं.

"तिकडे कसल्या बागा रे?"

"ऑलिव्हच्या."

"किती वर्षांनी धरतं ते झाड?"