पाण्याच्या मोटरीचे मॉडेल: कोड सोपा, बदल अवघड

गच्चीवरच्या टाकीची मोटर चालू-बंद करणाऱ्या नियंत्रकाचे स्टेट मशीन (यंत्राच्या अवस्था आणि एका अवस्थेतून दुसरीत नेणारी संक्रमणे यांचा आराखडा) मी एक्लिप्सच्या ईएमएफ या मॉडेल बनवण्याच्या साधनामध्ये मॉडेल म्हणून मांडले असून त्यावरून अ‍ॅक्सेलिओच्या टेम्प्लेटद्वारे (मॉडेलवरून कोड लिहून देणाऱ्या साच्याद्वारे) सी भाषेतला कोड तयार होतो. सॉफ्टवेअरची मानके ठरवणाऱ्या ओएमजी या संस्थेने 2001 मध्ये मॉडेल-ड्रिव्हन आर्किटेक्चर (आधी मॉडेल, मग त्यावरून कोड ही पद्धत) मांडताना दिलेले मुख्य आश्वासन, म्हणजे मॉडेल ते जिथे चालणार त्या यंत्रणेपासून स्वतंत्र राहते हे, मला खरे ठरलेले दिसले: आर्डुइनो उनो या बोर्डावरून ईएसपी32 या वेगळ्या मायक्रोकंट्रोलरवर जाताना मॉडेलला हातही लावावा लागला नाही, फक्त टेम्प्लेट बदलले. अडचण आली ती मॉडेलच बदलू लागल्यावर.

‘थांबलेली’, ‘भरत आहे’, ‘भरली’ आणि ‘कोरडी’ अशा माझ्या चार अवस्था होत्या. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या एका शाखेत (स्वतंत्र प्रतीत) मी ‘थांबलेली’नंतर ‘वीज स्थिर होण्याची वाट’ ही नवी अवस्था घातली आणि दुसऱ्या शाखेत, खालून पाणी येणे थांबल्यास ‘कोरडी’कडे नेणारे नवे संक्रमण जोडले. दोन्ही शाखा मर्ज करताना (एकत्र आणताना) एकही कॉन्फ्लिक्ट (बदलांची टक्कर) दिसला नाही. परंतु मॉडेल जिच्यात साठते ती ईएमएफची एक्सएमआय फाइल, वेगळी सोय केली नसेल तर, संदर्भ नावाने न ठेवता यादीतल्या स्थानाने ठेवते. त्यामुळे चौथ्या स्थानाकडे बोट दाखवणारे ते नवे संक्रमण आता ‘भरली’कडे जाऊ लागले. ‘कोरडी’मधून माणसाने बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही, ‘भरली’मधून मात्र पातळी उतरताच ती आपोआप सुरू होते. मोटर चालू करणाऱ्या रिलेऐवजी एलईडी लावून चाचणी घेत होतो म्हणून हे लक्षात आले. प्रत्यक्षात मोटर कोरडी फिरून जळाली असती. आता प्रत्येक घटकाला यूयूआयडी (स्वतःची वेगळी, न बदलणारी ओळख) दिला आहे आणि मॉडेलची तुलना ईएमएफ कंपेअर या मॉडेलचे घटक जुळवणाऱ्या साधनानेच करतो. ओळी जुळवणाऱ्या साधनाला मॉडेलचा अर्थ कळत नाही, हे या क्षेत्राचे जुने दुखणे आहे.

मेटामॉडेल (मॉडेलमध्ये कोणते घटक असू शकतात याचे नियम) बदलले की जुनी मॉडेले उघडत नाहीत, हा दुसरा प्रश्न. वेळेचा साधा आकडा काढून मी ‘कालावधी’ हा स्वतंत्र वर्ग केला, तेव्हा तिन्ही जुन्या फाइली हाताने दुरुस्त केल्या. एडॅप्ट या साधनामध्ये असे बदल स्थलांतराच्या (जुनी मॉडेले नव्या रूपात नेण्याच्या) पायऱ्यांसह नोंदवता येतात; ते आधीच वापरायला हवे होते.

पुढची दिशा मला मजकुरी भाषेत दिसते. एक्सटेक्स्ट या भाषा बनवण्याच्या साधनामध्ये लिहिलेल्या छोट्या भाषेत संदर्भ नावाने जुळतात, त्यामुळे वरची चूक तिथे उद्भवतच नाही. भाषिक एआय मॉडेलकडून थेट सी कोड घेण्यापेक्षा याच भाषेतला मजकूर घ्यावा, असे माझे मत आहे, कारण चाळीस ओळींची अवस्थांची यादी माणूस नीट वाचू शकतो आणि ‘प्रत्येक अवस्थेतून “कोरडी”कडे जाता येते का’ हे यंत्राकडून तपासून घेता येते. तो तपासनीस लिहायला घेतला आहे. पोहोचता न येणाऱ्या अवस्था तो आत्ताच दाखवतो, सेन्सरच्या दुर्लक्षित राहिलेल्या घटना शोधण्याचे काम बाकी आहे.