कोकण किनारा, एसयूव्ही आणि डिकीतलं ते कपाट

आधी निकाल सांगतो मग बाकीचं. एसयूव्हीच्या डिकीत प्लायवूडचे सरकते ड्रॉवर बसवून देतात ना, ते कोकणात जायचं असेल तर घेऊ नका. दुकानदार म्हणाला होता, "सर, लोक लडाख करून येतात यावर, कोकण म्हणजे काहीच नाही." लडाखचं तो आणि लडाखवाले बघून घेतील, पण कोकणात खारी हवा आहे, जांभा, म्हणजे तो लाल भोकाभोकांचा दगड, आहे आणि समोरून एसटी आली की एक चाक गटारात घालावं लागेल असे रस्ते आहेत, आणि या तिघांनी मिळून माझ्या जवळजवळ पन्नास हजारांच्या ड्रॉवरची पार वाट लावली. बरं तो रिकामा असतानाच दोघांना धड उचलत नाही, म्हणजे पहिली पिशवी ठेवायच्या आधीच गाडीत एक जाडजूड पाहुणा बसलेला असतो.

तंबू लावता येतो, स्टेपनी बदलता येते, चुलीवर किंवा शेगडीवर पिठलं-भात जमतो असं धरून लिहितोय. रूट नेहमीचाच, ताम्हिणी उतरून माणगाव, दिवेआगर, हरिहरेश्वर, वेश्वी-बागमांडला फेरी (गाड्या पलीकडे नेणारी बोट), वेळास, केळशी, आंजर्ले, मग दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर, तवसाळ-जयगड फेरी, गणपतीपुळे, रत्नागिरी आणि तिथून पावस-पूर्णगड-आडिवरे करत नाटे, आंबोळगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण. परत येताना फोंडा घाट. रत्नागिरीपर्यंत सगळं मस्त झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

फेरीबद्दल एकच. गाड्या एकमेकींना इतक्या चिकटून लावतात की मागचं दार उघडायचं विसरा. थार, जिम्नी, स्कॉर्पिओ यांचं दार बाजूला उघडतं, त्यांना तर मागे चांगली मोकळी जागा लागते, ती फेरीत नसते, बाजाराच्या गल्लीत नसते, कुणाच्या अंगणातही नसते. त्यामुळे पाणी, टोप्या, औषधं, टॉर्च, पोराचे कपडे हे सगळं मागच्या सीटच्या पायाशी एका पिशवीत. डिकी दिवसातून एकदाच उघडायची, संध्याकाळी मुक्कामाला.

आता नाटे गावाच्या पुढचं. मॅपवर सड्यावरून, म्हणजे वरच्या उघड्या खडकाळ पठारावरून, खाली समुद्राकडे उतरणारा रस्ता दिसत होता, टपरीवर विचारलं तर तिथला पोरगा म्हणाला "जाते की गाडी, काल ट्रक गेला." ट्रक गेला होता हे खरंच, पण तो जांभ्याचे चिरे कापून काढतात त्या खाणीपर्यंत. खाणीच्या पुढे एक चाक गेलेलं नव्हतं हे त्याने सांगितलं नाही, आणि खाण संपली की रस्ता म्हणजे नुसता उघडा जांभा, त्यात भोकं, मध्येच चिरे काढल्यामुळे झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना काजू. काजूच्या फांद्यांनी टपावरची ताडपत्री फाडली, बाहेरून करकर आणि आतून खडखड. पहिल्या गिअरमध्ये खालीवर होत जेमतेम दीड किलोमीटर उतरलो असू, तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. डावा ड्रॉवर कुलूप तोडून मागच्या दारावर येऊन बसला. आणि दोनच वळणांनी मागचं उजवं टायर बसलं.

आता गंमत बघा. कॉम्प्रेसर, पंक्चर किट, फावडं त्या ड्रॉवरमध्ये. जॅक आणि पाना डिकीच्या तळाखाली, म्हणजे ड्रॉवरच्याही खाली. आमच्या गाडीची स्टेपनी पोटाखाली लटकलेली असते, ती खाली सोडायला दांडी फिरवायचं भोक डिकीतच, तेही ड्रॉवरने झाकलेलं. आणि दार उघडेना, कारण आतून ड्रॉवर अडकलेला. बसवून देताना यातलं एक अक्षर कुणी बोललं नव्हतं, उलट "सर, डिकी एकदम क्लीन दिसेल" हे तीनदा सांगितलं. तर दीड तास उन्हात मागच्या सीटवरून उलटं लटकून सामान पुढे ओढत बसलो. बागेत काम करणारे एक काका आले, त्यांनी दाराच्या फटीत कोयता सरकवून ड्रॉवर हळूहळू आत रेटला तेव्हा कुठे दार उघडलं. "ह्या कपाटात काय सोनं ठेवलंस काय?" एवढंच म्हणाले, पैसे घेतले नाहीत. खाली उतरल्यावर किनारा होता छोटासा, बरा होता.

म्हणून हे लक्षात ठेवा: जॅक, पाना, स्टेपनीची दांडी, कॉम्प्रेसर आणि गाडी ओढायचा टो-पट्टा डिकीत ठेवायचेच नाहीत. पुढच्या सीटखाली किंवा मागच्या सीटच्या पायाशी. जॅकबरोबर एक जाड फळी, नाहीतर मऊ जमिनीत गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली जातो. आमच्याकडे आजीचा जुना जेवायचा पाट होता, तो परफेक्ट चालला.

देवगडला एका गॅरेजमध्ये ड्रॉवर खोलून टाकला. स्क्रूंवर तोवर गंज चढला होता. आणि तिथेच आंब्याचे प्लास्टिकचे जुने क्रेट घेतले, देवगडात आंब्याचे क्रेट शोधावे लागत नाहीत. यांच्यासारखी दुसरी वस्तू नाही. भोकं असल्यामुळे वाळू खाली गळून जाते, ओलं सामान कुबट होत नाही, अंगणात उपडा केला की स्टूल. खाण्याचं मात्र झाकणाच्या घट्ट डब्यातच, मुंग्या आणि वानरं दोघंही क्रेटला जुमानत नाहीत.

भरायची पद्धत सोपी आहे. जड ते खाली आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकून. वीस लिटरचा पाण्याचा कॅन म्हणजे वीस किलो झाले, तो अगदी मागच्या दाराशी ठेवला तर गाडीचं नाक हलकं होतं आणि घाटात स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं. पाच किलोची गॅसची छोटी टाकी उभीच, रेग्युलेटर काढून, टोपी लावून. दोन रॅचेटचे, म्हणजे खटक्याने आवळायचे, पट्टे डिकीतल्या हुकांना आडवे बांधायचे, ते लवचिक रबरी दोर नकोत, ब्रेक मारला की ते ताणतात आणि कुकर तुमच्या मानेवर. सामान सीटच्या पाठीच्या वर गेलं की जास्त झालं, कमी करा. टपावर फक्त हलकं: मॅट, खुर्च्या, स्लीपिंग बॅग. गाडीच्या पुस्तकात टपावर किती वजन चालतं ते दिलेलं असतं, त्यात कॅरिअरचंही वजन धरायचं असतं, हे दुकानात कुणी सांगत नाही.

तंबूच्या लोखंडी खुंट्या किनाऱ्यावर निरुपयोगी आहेत, वाळूत त्या उपटून येतात आणि सड्यावर जांभ्यात शिरतच नाहीत. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या न्या, वाळू भरा, दोरी बांधून गोणी पुरा, वारा कितीही येऊ दे. सड्यावर त्याच गोण्यांत दगड.

तंबू नारळाखाली लावू नका, कितीही सावली असो. तारकर्लीच्या बाजूला एका वाडीत मालकाने नेमकी तीच जागा दाखवली आणि आमचाच तंबू, आमचीच गादी, तरी रात्रीचे पंधराशे मागितले. वर संडास-बाथरूमचे वेगळे आणि मोबाइल चार्जिंगचे वेगळे. शेजारी खोली दोन हजाराला होती! आधी सगळं धरून एकच आकडा ठरवा आणि जमत नसेल तर सरळ पुढच्या वाडीत विचारा. गावात देवळाच्या पुजाऱ्यांना किंवा खानावळीच्या काकूंना विचारलं तर अंगण मिळतं, जेवण त्यांच्याकडेच घ्यायचं, सगळ्यांचं भागतं.

गाडी वाळूत घालू नका. व्हिडिओत छान दिसतं, पण वरची पापडी कोरडी आणि खाली ओलं, चाक एकदा पोटापर्यंत गेलं की ट्रॅक्टरवाला म्हणेल तो भाव, कारण त्याला माहीत असतं भरती किती वाजता आहे. तुम्हालाही माहीत असू दे. तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे, दिवसातून दोनदा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तंबू सुकलेल्या शेवाळाच्या रेषेच्या बराच वर, सुरूच्या झाडांच्या बाजूला लावा.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवून घ्या, नुसती वरून फोम मारून देतात त्याला काही अर्थ नाही, रॅम्पवर चढवून खालून मारायला सांगा. पट्ट्यांचे रॅचेट, खुर्च्यांचे सांधे, शेगडीचा बर्नर धुवून तेलाचा हात. तंबू दोन दिवस गच्चीवर उलटा टाका, शिवणीत वाळू राहते आणि चेन तिथेच जाते.