शर्ट धरायचा का चेंडूवर जायचं?

छत्रपती शाहू स्टेडियमवर त्या दिवशी ऊन असं होतं की वॉर्म-अपला बुटाचे स्टड फरशीवर वाजावेत तसे वाजत होते. मी फुटबॉलात स्टॉपर, म्हणजे गोलीपुढचा मधला बचावपटू. वय चौतीस. सहा हंगाम बाहेरच्या क्लबांकडून पैसे घेऊन खेळलो (एकाकडचे अजून यायचेत, तो विषय वेगळा) आणि मग पेठेच्या तालमीकडं, म्हणजे आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाकडं, परतलो.

समोर फॉरवर्डला आमच्याच गल्लीतलं पोरगं, पण दुसऱ्या पेठेकडून. कोल्हापुरात याचा अर्थ काय ते सांगायला नको. त्याच्या घरच्यांशी निम्मी गल्ली वर्षभर धड बोलत नव्हती. डावा खांदा पाडून उजवीकडनं निघायची युक्ती मीच त्याला शिकवलेली. त्यामुळं तासभर तो माझ्या खिशातच होता. स्टॉपरचं बरंचसं काम तोंडानं होतं: "वर या", "मागं माणूस", "टाक भाईर". टॅकल मारायची वेळ आली म्हणजे आधी कुठंतरी चुकलंय.

चुकलंच. त्याला ऑफसाईडमध्ये पकडायला बचावाची सगळी लाईन वर आली, आमचा उजवा बॅक तेवढा मागं राहिला आणि ऑफसाईड गेला उडत. पोरगं चेंडू घेऊन सुटलं. पुढं फक्त गोली, मी अर्धा हात मागं. डीत (गोलपुढच्या पेनल्टीच्या चौकटीत) शिरल्यावर त्यानं डावा खांदा पाडला आणि डावीकडनंच निघाला.

त्याचा शर्ट माझ्या बोटांना लागत होता. धरला तर पेनल्टी आणि वर लाल कार्ड. चेंडूवर गेलो आणि चुकलो तर पेनल्टी, पण कार्ड पिवळं. २०१६ च्या आधी दोन्हीला लालच होतं. हे सगळं तेव्हा डोक्यात आलं म्हणणं खोटं, पण हात आपोआप मागं आला. घसरलो. चेंडू लागला नाही, त्याचा घोटा लागला.

शिट्टी. निम्मं स्टेडियम "लाल! लाल!" करत उठलं. मी पडल्या पडल्या रेफ्रीचा हात बघत होतो. बरेच रेफ्री लाल कार्ड मागच्या खिशात ठेवतात. याचा हात छातीकडं गेला.

पेनल्टी जाळीत. शेवटची दहा मिनिटं कोचनी मला पुढं पाठवलं. जाळीपलीकडनं एक म्हातारा ओरडला, "जर्नेलसिंग हो रं!" १९६२ ला जकार्तात एशियाडच्या फायनलला जर्नेलसिंग हा स्टॉपर डोक्याला टाके असताना फॉरवर्डला खेळला, गोल मारला आणि भारतानं दक्षिण कोरियाला २-१ नं हरवलं. माझा एकुलता एक हेडर बारवरनं गेला. हरलो.

रात्री पोरगं लंगडत आमच्या घरी आलं. आईनं त्याला चहा दिला, मी गुडघ्यावर बर्फ धरून बसलेलो.

"दादा, शर्ट का धरला न्हाईस?"

"लाल मिळालं असतं की."

"त्यासाठीच तर थांबलो हुतो. तुझा हात लागला तसा पाय आखडता घेतला. न्हाईतर गोल माराय कितीसा येळ लागतोय?"

हे काही मी शिकवलेलं नव्हतं. बर्फाची पिशवी बाजूला ठेवली आणि म्हटलं, परत दाखव. सोप्यात चपला सरकवून, लंगडतच, त्यानं ती युक्ती दोनदा करून दाखवली.